लाईट चालू असताना ओढलेली विडी

हे लिहू की नको असं गेले तीन महिने चाललंय, कारण यात माझी स्वतःची चूक आहे आणि ती घरात अजून सगळ्यांना माहीत नाही. पण परवा आमच्या पतपेढीत एक ओळखीचे गृहस्थ आले होते, त्यांच्या वडिलांच्या घशात गाठ निघालीय, पुढच्या सोमवारपासून मुंबईत लाईट सुरू होणार आहे, आणि बोलता बोलता म्हणाले, "आता त्यांना सिगरेट कशाला सोडायला लावू, व्हायचं ते होऊन गेलं, जेवढं सुख मिळतंय तेवढं मिळू दे." काउंटरवर चार माणसं खोळंबली होती तरी मी उठलो, त्यांना बाहेरच्या बाकावर नेलं आणि अर्धा तास बोललो. घरी येताना वाटलं एकाला सांगून हे भागायचं नाही.

लाईट म्हणजे कॅन्सरवर देतात ते रेडिएशन. आमच्याकडे कुणी लाईट म्हणतं, कुणी शेक म्हणतं, म्हातारी माणसं करंट म्हणतात. सगळं एकच.

माझे काका हर्णैच्या बंदरावर लिलाव पुकारतात. ज्यांनी हर्णै बघितलंय त्यांना कळेल. लाँचा बाहेर खोलात नांगरतात, तिथून मासळी होड्यांनी आत येते, मग बैलगाड्या पोटाएवढ्या पाण्यात जातात आणि टोपल्या भरून वाळूवर येतात, समोर सुवर्णदुर्ग आणि इकडे पापलेट, सुरमई, कोळंबीचे ढीग, त्याच्याभोवती माणसांचं कडं. त्या गलक्यात ज्याचा आवाज वर निघेल तोच लिलाव करू शकतो. काकांचा निघायचा. पंचवीस वर्षं सकाळ-संध्याकाळ. आणि दोन ढिगांच्या मधल्या वेळात विडी. दिवसाला एक बंडल तरी, सीझनला जास्त.

गेल्या दिवाळीत आवाज बसला. कुणी मनावर घेतलं नाही, कारण लिलाववाल्याचा आवाज बसायचाच. काकी ज्येष्ठमध द्यायची, गरम पाणी द्यायची. डिसेंबर गेला, आवाज तसाच, उलट फाटल्यासारखा यायला लागला. जानेवारीत दापोलीला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "तीन आठवड्यांच्या वर आवाज बसलेला होता तर आला का नाहीत?" आम्ही तीन महिने घालवले होते. ज्यांच्या घरात विडी-सिगरेटवाला आहे त्यांनी एवढा तीन आठवड्यांचा आकडा तरी डोक्यात ठेवा.

तुकडा तपासला, स्वरयंत्राचा कॅन्सर निघाला, पण लवकरच्या स्टेजचा. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की ऑपरेशन न करता नुसत्या लाईटवर बरा व्हायची चांगली आशा आहे आणि आवाजही राहील. ३३ सिटिंग, सोमवार ते शुक्रवार रोज एक, शनिवार-रविवार सुट्टी, म्हणजे साडेसहा आठवडे. रोज २ ग्रे, एकूण ६६ ग्रे. ग्रे हे त्या डोसचं माप, जसं मासळीचं किलो.

काकीच्या भावाची लालबागला चाळीत खोली आहे, तिथे राहिलो. काका, काकी आणि मी. माझी रजा होती ती सगळी टाकली.

आता मास्कबद्दल सांगतो कारण सगळं तिथून सुरू झालं. मानेला लाईट द्यायचा तर माणूस हलला नाही पाहिजे, म्हणून एक प्लॅस्टिकची जाळीदार शीट गरम पाण्यात मऊ करतात आणि तोंडावर, मानेवर, खांद्यापर्यंत दाबून बसवतात, ती थंड झाली की त्याच आकारात कडक होते. मग रोज तो साचा तोंडावर चढवून खाली टेबलाला घट्ट अडकवतात. श्वास घेता येतो, दिसतं, पण मान तसूभर हलत नाही. सगळे बाहेर जातात, जाड दरवाजा बंद होतो आणि मशीन भोवती फिरतं. दुखत काहीच नाही, दहा-पंधरा मिनिटांत सुटका. पण काका पहिल्या दिवशी बाहेर आले तेव्हा गालावर जाळीचे चौकोन उमटलेले आणि हात थरथरत होते. आयुष्यभर मी त्या माणसाला घाबरलेला बघितला नव्हता. वादळात लाँच घेऊन आलेला माणूस. पाग म्हणजे आमच्याकडे मासे धरायचं जाळं. म्हणाले, "बाबू, पागात गावल्यासारखं वाटतं रे. एक आणून दे. एकच."

आणि मी दिली आणून. रस्त्याच्या पलीकडे टपरी होती, बंडल घेतलं, काडेपेटी घेतली. दुसऱ्या दिवशी तर मीच सिटिंगच्या आधी दिली, आत जायला धीर यावा म्हणून. असे आठ दिवस. काकीला सांगितलं चहाला जातो. मला तेव्हा खरंच वाटत होतं की मी काकांची सेवा करतोय.

आठवड्यातून एकदा डॉक्टर मॅडम तपासायच्या. त्यांनी विचारलं, "विडी पूर्ण बंद आहे ना?" काका हो म्हणाले. मीही मान हलवली.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी तिथल्या एका वयस्कर सिस्टरनी मला बाजूला घेतलं. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "त्यांच्या टॉवेलला वास येतोय. मी काही बोलणार नाही त्यांना. पण तुला माहितीये का आपण आत जे देतोय त्यातलं किती ती विडी खाऊन टाकते?" मी म्हटलं म्हणजे काय, कॅन्सर तर होऊन गेलाय, आता विडीने आणखी काय होणार? तर त्या मला सरळ मॅडमकडेच घेऊन गेल्या.

मॅडमनी एका जुन्या रिपोर्टच्या पाठीवर काढून दाखवलं. ते मी जमेल तसं सांगतो, कारण मला तरी हे त्याच्या आधी कुणीच सांगितलं नव्हतं, सगळे फक्त "विडी बंद करा" एवढंच म्हणायचे आणि ते तर आम्ही शाळेपासून ऐकतोय.

लाईटचा किरण कॅन्सरच्या पेशीतून गेला की आतल्या डीएनएला तडे जातात. पण तडा गेला म्हणजे पेशी मेली असं नसतं, ती तो तडा सांधायला बघते. तिथे ऑक्सिजन असेल तर तो त्या तुटलेल्या जागी जाऊन चिकटतो आणि मग ते सांधणं जमत नाही, पेशी पुढे मरते. ऑक्सिजन नसेल तर तीच पेशी बऱ्याचदा स्वतःला सावरून घेते. ऑक्सिजन अजिबात न मिळणाऱ्या पेशी मारायच्या तर जवळजवळ अडीच ते तीन पट डोस लागतो. ही काही नवीन गोष्ट नाहीये, एल. एच. ग्रे नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांबरोबर १९५३ साली हे मांडलं, आणि त्याच ग्रेचं नाव पुढे डोसच्या मापाला दिलं. म्हणजे काकांच्या फाईलवर ६६ ग्रे असं जे लिहिलं होतं ते त्या माणसाचं नाव. हे ऐकून मला कसंसंच झालं, की रोज फाईल हातात घेऊन बसायचो मी आणि ओळीत लिहिलेलं काय आहे हे माहीत नव्हतं.

त्यात गाठीच्या आत मुळातच ऑक्सिजन कमी असतो, कारण गाठ भराभर वाढते आणि तिच्यातल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या, अर्धवट असतात. आणि वरून विडी. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. ऑक्सिजन वाहून न्यायची जागाच तो अडवून बसतो आणि लवकर उतरत नाही, चार-पाच तासांनी कुठे त्यातला निम्मा जातो. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात ते वेगळंच. म्हणजे सिटिंगच्या आधी अर्धा तास मी जी विडी देत होतो ती नेमकी सगळ्यात वाईट वेळेला देत होतो. गाठीला ऑक्सिजन हवा तेव्हाच मी तो तोडत होतो.

बाहेर आल्यावर मी जिन्यात बराच वेळ बसून होतो.

काकांना हे कसं सांगायचं हा प्रश्न होता. डीएनए वगैरे सांगून उपयोग नव्हता. रात्री चाळीच्या गॅलरीत बसलो होतो तेव्हा मी त्यांना विचारलं, "काका, लाँच बाहेर नांगरलीय, मासळी आत आणायचीय, आणि होडीत कुणी रेती भरून ठेवली तर?" म्हणाले, "मग मासळी काय डोक्यावर आणणार हायस?" मी म्हटलं रक्तातल्या होड्या अशाच आहेत, विडी ओढली की त्यांच्यात रेती भरते, आणि लाईटला काम करायला जो माल लागतो तो गाठीपर्यंत पोचतच नाही. मशीन चालतं, आपण तोंडावर जाळी बांधून पडतो, तारीख लागते, आणि आतलं काम अर्धवट होतं. काका काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे मी पागात फुकट पडतोय?"

"फुकट नाही, पण अर्ध्या भावात."

लिलाववाल्याला अर्धा भाव कळतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मॅडमना खरं सांगितलं. माझीच जीभ जड झाली होती. त्या रागावतील असं वाटलेलं, पण त्यांनी तंबाखू सोडवायचा जो विभाग असतो तिकडे पाठवलं. तिथे एक छोटं मशीन होतं, श्वास पंधरा सेकंद धरून त्यात फुंकायचं, म्हणजे श्वासात किती कार्बन मोनॉक्साइड आहे त्याचा आकडा येतो. विडी-सिगरेट न ओढणाऱ्याचा साधारण सहाच्या आत असतो. काकांचा एकोणीस आला. सकाळी एकच ओढली होती, तीही मी नको म्हणत असताना. काका त्या आकड्याकडे बघतच राहिले. तीन दिवस काही न ओढता परत फुंकलं तर तीन. आयुष्यात कुणाच्या उपदेशाने जे झालं नाही ते त्या दोन आकड्यांनी केलं, कारण एकोणीसचा तीन झाला म्हणजे काय ते त्यांना कळलं, रेती उतरली.

हे मी मुद्दाम सांगतोय कारण लोकांना वाटतं तीस-चाळीस वर्षांचा धूर तीन दिवसांत काय धुतला जाणार. जुनं नुकसान धुतलं जात नाही, खरंय. पण हा जो कार्बन मोनॉक्साइड आहे तो दिवसभरातच उतरतो, आणि लाईटला त्याच्याशीच मतलब आहे. म्हणून दहा सिटिंग झाली, वीस झाली, तरी राहिलेल्या सिटिंगसाठी सोडण्यात अर्थ आहे.

आकडेवारी हवी असेल तर एक सांगतो. १९९३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय साप्ताहिकात कॅनडातल्या डॉक्टरांनी तोंड-घशाच्या कॅन्सरच्या ११५ पेशंटचा अभ्यास छापला. लाईट चालू असताना जे ओढतच राहिले त्यांच्यात गाठ पूर्ण विरघळलेले १०० तले ४५, आणि जे ओढत नव्हते त्यांच्यात ७४. दोन वर्षांनी जिवंत असलेले ओढणाऱ्यांत ३९ टक्के, न ओढणाऱ्यांत ६६ टक्के. काकांच्यापेक्षा पुढच्या स्टेजचे पेशंट होते ते, त्यामुळे हेच आकडे आपल्याला जसेच्या तसे लावू नका असं मॅडम म्हणाल्या. जे सोडू शकत नाहीत त्यांच्या इतर अडचणीही जास्त असतात, दारू असते, खाणंपिणं नीट नसतं, त्याचाही त्यात वाटा असणार. पण त्यानंतरही अभ्यास झाले, २०१२ साली घशाच्या कॅन्सरच्या पेशंटवर अमेरिकेत झाला त्यातही लाईटच्या काळात ओढणाऱ्यांना मृत्यूचा धोका साधारण दुप्पट निघाला, आणि २०१४ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या मुख्य डॉक्टरांच्या, अहवालात तर सरळ म्हटलंय की कॅन्सर झाल्यावरही ओढत राहिल्याने मृत्यू वाढतात आणि दुसरा नवीन कॅन्सर व्हायचा धोकाही वाढतो. हा दुसरा कॅन्सर लोक विसरतात. एक गाठ जळली म्हणजे बाकीचा घसा, फुप्फुसं, अन्ननलिका नवी होत नाही, त्यांनीही तेवढाच धूर खाल्लेला असतो.

आणि विडीबद्दल एक. आमच्याकडे समज आहे की सिगरेट वाईट, विडी पानाची असते, साधी. असं काही नाहीये. विडीला फिल्टर नाही, ती सारखी विझते म्हणून जोर लावून जास्त झुरके मारावे लागतात, आणि निकोटीन, टार, कार्बन मोनॉक्साइड सगळं सिगरेटपेक्षा जास्तच आत जातं.

तिसऱ्या आठवड्यापासून खरा त्रास सुरू झाला. घसा आतून सोलल्यासारखा, गिळताना डोळ्यात पाणी, लाळ चिकट दोरीसारखी, चव गेली. मानेची कातडी काळी पडली आणि मग लाल. दाढी करायची नाही, तेल-पावडर-बाम काही लावायचं नाही, कॉलरचा शर्ट नाही. काकी पेज करायची, पातळ, आणि पापलेटचा तुकडा उकडून, काटे काढून, बोटांनी पिठासारखा कुस्करून त्यात घालायची. तिरफळ नाही, मिरची नाही, कोकम नाही. ज्या माणसाने तिखलं चाखून मासळी किती ताजी ते सांगावं त्याला ते मातीसारखं लागायचं. मीठ-सोड्याच्या पाण्याने दिवसातून सहा-सात वेळा गुळण्या. हे सगळं विडी न ओढणाऱ्यालाही होतंच, पण ओढणाऱ्याला जास्त होतं आणि भरून यायला जास्त दिवस लागतात, कारण जखम भरायला रक्त लागतं, ऑक्सिजन लागतो, आणि वर सोललेल्या जागेवर गरम धूर. आमच्याबरोबर रोज बाकावर बसणारे राजापूरकडचे एकजण होते, मुलगा त्यांना लपून सिगरेट द्यायचा, जसा मी द्यायचो. त्यांचा घसा चौथ्या आठवड्यात इतका सोलला की पाणीही जाईना, नाकातून नळी घालायला लागली आणि मध्ये सहा दिवस लाईट थांबवला. आता हा खंड साधा नसतो. मध्ये दिवस गेले की उरलेल्या पेशी वाढायला लागतात, घशा-तोंडाच्या कॅन्सरमध्ये एक एक दिवस लांबला की गाठ आटोक्यात यायची शक्यता टक्का-दीड टक्क्याने खाली येते असं मॅडम म्हणाल्या होत्या. त्यांचा मुलगा माझ्याच वयाचा. मी त्याला जिन्यात नेऊन तेच होडीचं सांगितलं. तो रडला. आधी कुणी सांगितलं असतं तर, असं म्हणत होता, आणि मी काय बोलणार होतो त्याच्यावर.

फक्त घशाच्याच कॅन्सरला हे लागू असं नाही. त्या बाकावर स्तनाच्या, गर्भाशयाच्या तोंडाच्या, प्रोस्टेटच्या कॅन्सरचे पेशंट असायचे. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरला पोटावर लाईट देतात तेव्हा खूप सिगरेट ओढणाऱ्या बायकांच्या आतड्यांना पुढे त्रास जास्त होतो असं दिसलंय. आणि स्तनाच्या कॅन्सरसाठी छातीला लाईट घेतलेल्या बाईने पुढेही ओढणं चालू ठेवलं तर तिला फुप्फुसाचा कॅन्सर आणि हृदयाचा त्रास व्हायचा धोका न ओढणारीपेक्षा कितीतरी जास्त.

आमच्या बायका विडी कमी ओढतात, पण मशेरी लावतात. काकी लावायची. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, तो उग्र वास आमच्या लहानपणाचा आहे, मग चुरून डबीत. दिवसातून चार वेळा बोट दातावर. लालबागलाही डबी कनवटीला होती. काका विडी सोडल्यावर तिसऱ्या रात्री चिडले, झोप नाही, डोकं दुखतंय, आणि तिच्यावर ओरडले, जो काही आवाज निघत होता त्यात, "तू तोंडात तंबाखू धरून मला शहाणपण शिकवतंस?" काकी काही बोलली नाही. सकाळी मी बघितलं तर डबी चाळीच्या मोरीत उपडी केलेली आणि ती ब्रशने दात घासत होती. हातात ब्रश धरायची सवय नाही, हिरडीतून रक्त येत होतं. मशेरी जळत नाही तेव्हा त्यातून कार्बन मोनॉक्साइड येत नाही हे खरं, पण तंबाखू ती तंबाखू, तोंडाचा कॅन्सर तिनेही होतो. मी मॅडमना विचारून तिचंही तोंड तपासून घेतलं. काही नव्हतं. देवाची कृपा.

सोडणं कसं जमलं हे लोक विचारतात. नुसत्या मनोधैर्यावर नाही जमलं. मॅडमनी निकोटीनचे पॅच दिले, दंडावर रोज जागा बदलून लावायचे, लाईट लागते त्या कातडीपासून लांब. गोळी चघळायची असते तीही मिळते पण तोंड-घसा सोललेला असताना ती नको म्हणाल्या. पॅचमध्ये निकोटीन असतंच, मग फरक काय असं मी विचारलं, तर त्यात धूर नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही, टार नाही, आणि पुढे कमी करत बंद करता येतो. हे डॉक्टरांना विचारूनच करा, स्वतःहून मेडिकलमधून आणू नका. दुसरं म्हणजे तलफ आली की ती काही मिनिटांतच ओसरते, तेवढा वेळ काढायचा. काका तेवढ्यात चाळीचे तीन मजले उतरायचे आणि चढायचे, किंवा मोबाईलवर बंदराचे भाव विचारायचे. सरकारची तंबाखू सोडण्यासाठी फुकट हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, पाकिटावर छापलेली असते, मी तिथेही एकदा फोन लावून दिला होता.

चौथ्या आठवड्यात एका शनिवारी त्यांनी एक ओढली. खालच्या टपरीवर, कुणीतरी गाववाला भेटला आणि दिली. वर आले आणि स्वतः सांगितलं, "एक झाली." काकीने कपाळाला हात लावला. मला राग आला, पण मला सिस्टर आठवल्या, की त्यांनी मला ओरडलं असतं तर मी मॅडमपर्यंत गेलोच नसतो. मी म्हटलं, बरं झालं सांगितलंत, परवा सिटिंग आहे, मध्ये दीड दिवस आहे, तोपर्यंत उतरेल. सोमवारी मॅडमना सांगितलं, त्यांनी फाईलवर लिहिलं आणि पुढचं विचारलं. पुन्हा नाही ओढली त्यानंतर.

मला नातेवाईकांशी बोलायचंय, पेशंटशी कमी. पेशंट घाबरलेला असतो, तो मागणारच. आपण देतो कारण आपल्याला त्याचं तोंड बघवत नाही. त्याला जाळीत अडकवतात, त्याचा घसा सोलतो, आणि आपल्या हातात देण्यासारखं दुसरं काही नसतं, एक विडीच असते. ती दिली की तो दोन मिनिटं शांत होतो आणि आपल्याला वाटतं आपण काहीतरी केलं. मी केलंय हे आठ दिवस, म्हणून मला माहितीये ते किती खरं वाटतं. आणि दुसरीकडे काही घरांत एवढा आरडाओरडा असतो की पेशंट लपूनच ओढतो आणि डॉक्टरांना खोटं सांगतो, मग पॅचही मिळत नाही आणि काहीच नाही. "तुझ्याच कर्माची फळं" हे वाक्य मी त्या बाकावर एका सुनेच्या तोंडून ऐकलं, सासऱ्यांच्या समोर. ते ऐकून तो माणूस जो उठून गेला तो कुठे गेला असेल हे सांगायला नको.

३३ वं सिटिंग झालं त्या दिवशी तिथल्या मुलांनी मास्क काकांच्या हातात दिला, घरी नेता येतो. रात्रीच्या एसटीने निघालो, पहाटे दापोली, तिथून हर्णै. आठ-दहा आठवड्यांनी दुर्बिणीने तपासलं, गाठ दिसत नाही. पहिली दोन वर्षं नियमित तपासायचं, तोपर्यंत कुणी काही बोलायचं नाही असं आमचं ठरलंय. आवाज पूर्ण आलेला नाही, थोडा खरखरीत आहे, पण फोनवर ओळखू येतो. लाईटनंतर ओढत राहिलं तर आवाजही नीट भरत नाही असं मॅडमनी सांगितलंय, त्याची मात्र काकांना सगळ्यात जास्त धास्ती आहे.

एक ऑगस्टला मासेमारीची पावसाळी बंदी उठली, होड्या बाहेर पडल्या. काका बंदरावर जातात. पुकारतो आता माझा चुलतभाऊ, काका शेजारी उभे राहून बोटांनी भाव दाखवतात, कधीमधी एखाद-दुसरा ढीग स्वतः घेतात, लहानसा, कमी गर्दीतला. मास्क काकीने पडवीत जाळ्यांच्या खुंटीला अडकवलाय. त्यात काकांचं नाक, हनुवटी, सगळं तसंच उमटलंय, शेजारची पोरं बघायला येतात. पुढची तपासणी गणपती झाल्यावर आहे, मी रजा टाकलीय.